नवी गाडी, जुनी गाडी आणि अण्णांचा लोहचुंबक

बालमित्रांनो, आज तुम्हाला एका गणिताच्या सरांची फजिती सांगतो. हे सर म्हणजे मीच, बरं का! वर्गात नफा-तोट्याची उदाहरणं फळ्यावर धडाधड सोडवणारा मी, घरचं एक उदाहरण आलं तेव्हा पार गोंधळून गेलो. ते उदाहरण होतं : गाडी घ्यायची ती नवी की जुनी?

मी कांजूरमार्गच्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवतो. राहतोही तिथंच, स्टेशनच्या पूर्वेला. आमच्या गच्चीवरून एका बाजूला रेल्वेचे रूळ दिसतात आणि दुसऱ्या बाजूला पूर्व द्रुतगती महामार्ग. महामार्गापलीकडे मिठागरं आणि त्याही पलीकडे ठाण्याची खाडी. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला, की ओठांवर खारट चव येते. या खाऱ्या वाऱ्याचा आपल्या गोष्टीशी संबंध आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

घरात आम्ही पाच जण. माझे वडील म्हणजे अण्णा, आई, मी, माझी पत्नी आणि पाचवीतले आमचे चिरंजीव. इतकी वर्षं गाडीवाचून आमचं काही अडलं नव्हतं. शाळा घरापासून दहा मिनिटांवर. लांब जायचं तर लोकल, जवळ जायचं तर रिक्षा. गावाला जायचं तर आपली लाल एस.टी.

पण अण्णांचे गुडघे कुरकुर करू लागले. आधी स्टेशनचा जिना अवघड झाला, मग एस.टी.ची पायरी. आमचं गाव कोकणात, संगमेश्वर तालुक्यात. गणपतीच्या गर्दीत रात्रभर पाय दुमडून बसायचं म्हणजे अण्णांना शिक्षाच. शेवटी एका वर्षी डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. मुलांनो, अण्णांचं वय सत्तर. सत्तर वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा घरचा गणपती चुकला. काकांनी गावाहून मोबाईलवर आरती दाखवली. अण्णांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आरती संपली तसे ते गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत.

त्या रात्री मी ठरवलं, पुढच्या गणपतीला अण्णांना गाडीनं न्यायचं. आपल्या स्वतःच्या गाडीनं!

ठरवणं सोपं होतं. बँकेत साठवलेले पैसे होते ३ लाख ४० हजार. आणि घरात मतं होती पाच.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, नवीच घ्यायची. सेकंडहँड गाडी आणली, तर खालची मुलं चिडवतील." आई म्हणाली, "जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याच्या घरची कटकट पैसे देऊन आणायची." पत्नी म्हणाली, "कर्ज नको, एवढंच माझं म्हणणं." अण्णा काहीच बोलले नाहीत. आणि माझं मत? मला नवीच हवी होती, आणि ती अण्णांसाठी हवी होती. का ते सांगतो.

तुम्ही सिनेमात मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या पाहिल्या असतील. जरा चौकोनी, गोल दिव्यांच्या. तीच ती प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे उद्योगपती. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी सुरू केली आणि आमच्याच मध्य रेल्वेवरच्या कुर्ल्याला मोटारींचा कारखाना काढला. तिथं पुढं इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९७४ पासून त्या गाडीचं नाव पडलं पद्मिनी. तिचा गिअरचा दांडा आजच्यासारखा खाली नसे, स्टिअरिंगच्या शेजारी असे. अण्णा त्या कारखान्यात १९७७ साली लागले. काम काय? गाडीची दारं बसवायची. दार लावलं की कसा आवाज आला पाहिजे, हे त्यांच्या कानात पक्कं बसलेलं.

त्या काळी नवी गाडी आजच्यासारखी दुकानात जाऊन लगेच मिळत नसे. पैसे भरून नाव नोंदवायचं आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहायची. अण्णा सांगतात, की वाट पाहायला नको म्हणून लोक थोडी वापरलेली गाडी नवीपेक्षाही जास्त पैसे मोजून घेत. आहे की नाही उलटी दुनिया? पुढं दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या आल्या आणि पद्मिनी मागं पडली. मुंबईत नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ सालची. टॅक्सीला वीस वर्षांचीच परवानगी, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. त्या दिवशी अण्णांनी पेपरातला फोटो कापून पाकिटात ठेवला.

आता सांगा, ज्या माणसानं बावीस वर्षं दुसऱ्यांच्या नव्या गाड्यांना दारं बसवली, त्याच्या दारात एक नवीकोरी गाडी यावी, असं त्याच्या मुलाला वाटणार नाही?

मी नव्या गाडीचा भाव काढून आणला. गाडीची किंमत ५ लाख. कर, विमा आणि बाकीचं मिळून आणखी ९० हजार. एकूण ५ लाख ९० हजार. माझ्याजवळचे ३ लाख ४० हजार वजा जाता उरले अडीच लाख. ते कर्जानं घ्यायचे. पाच वर्षं दरमहा ५,२५० रुपयांचा हप्ता. साठ हप्ते गुणिले ५,२५०, करा बघू गुणाकार. ३ लाख १५ हजार! म्हणजे अडीच लाखांवर ६५ हजार नुसतं व्याज.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली. गाडीचा विमा उतरवताना तिची किंमत किती धरायची, याचा एक तक्ता असतो. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत पाच टक्के किंमत कमी. एक वर्षापर्यंत पंधरा टक्के, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाच वर्षांपर्यंत पन्नास टक्के. याला म्हणतात घसारा. गाडी चालवा नाहीतर उभी ठेवा, ती घसरतेच. म्हणजे पाच लाखांची गाडी पाच वर्षांनी अडीच लाखांची.

तरी माझं मन नव्या गाडीकडंच ओढ घेत होतं. मग मी एक दिवस हेच उदाहरण वर्गात फळ्यावर लिहिलं. अर्थात 'एका माणसाला गाडी घ्यायची आहे' असं लिहिलं, माझं नाव नाही सांगितलं! एका बाजूला नवी गाडी. दुसऱ्या बाजूला चार वर्षं वापरलेली तशीच गाडी, किंमत २ लाख ९० हजार, आणि हाताशी दुरुस्तीला ५० हजार.

मुलांनी बेरजा-वजाबाक्या सुरू केल्या. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील रिक्षा चालवतात. तो म्हणाला, "सर, तो माणूस गाडी रोज चालवणार का?"

मी म्हटलं, "नाही. वर्षातून दोन-तीनदा गावाला आणि मधूनमधून डॉक्टरकडं, नातेवाइकांकडं. धर साठेक दिवस."

"आणि बाकीचे दिवस?"

"उभी राहील."

तो पटकन म्हणाला, "सर, माझे पप्पा म्हणतात, रिक्षा उभी राहिली की ती आपल्याकडून भाडं घेते!"

सगळा वर्ग हसला. मी मात्र हातातला खडू तसाच धरून उभा राहिलो. मी किमतीच्या बेरजा करत बसलो होतो. गाडी किती दिवस लागणार, हे मी फळ्यावर लिहिलंच नव्हतं.

मग आम्ही गणित पुन्हा मांडलं. तुम्हीही वही घ्या. नव्या गाडीला पाच वर्षांत गेले ५ लाख ९० हजार अधिक व्याज ६५ हजार. पाच वर्षांनी विकली तर आले अडीच लाख. निव्वळ खर्च ४ लाख ५ हजार, म्हणजे वर्षाला ८१ हजार. जुन्या गाडीला २ लाख ९० हजार, दुरुस्तीचे ५० हजार आणि आणखी ६० हजार लागले असं समजू. एकूण ४ लाख. पाच वर्षांनी तिचे सव्वा लाखाच्या आतच येतील, १ लाख २० हजार धरू. निव्वळ खर्च २ लाख ८० हजार, म्हणजे वर्षाला ५६ हजार. पेट्रोल तर दोघींनाही लागणार. आता दोन्हींना साठ दिवसांनी भागा. नव्या गाडीचा एक दिवस पडला १,३५० रुपयांना आणि जुनीचा साधारण ९३३ रुपयांना.

संध्याकाळी घरी आलो आणि कागद अण्णांपुढं ठेवला. म्हटलं, "अण्णा, हिशेब जुनीच्या बाजूनं आहे. पण मला तुम्हाला नवी गाडी द्यायची आहे."

अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला गावाला जायचंय रे. नव्या गाडीतून जायचंय, असं कधी म्हटलं मी?"

मी काही बोलणार तोच ते पुढं म्हणाले, "पाच वर्षं तू हप्ता भरणार. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला मला माझे गुडघे आठवणार. नको ते."

चिरंजीव मध्येच म्हणाले, "पण आजोबा, नवी ती नवीच ना!"

अण्णा हसले. "अरे, गाडी नवी असते ती फक्त कारखान्यात. गेटबाहेर पडली की जुनी व्हायला लागते. आम्ही रोज बघायचो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जुनी घे. पण मला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही."

आणि मुलांनो, त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवल घडलं. गुडघ्यांमुळे दिवसभर खुर्चीत बसणारे अण्णा रविवारी सकाळी आठालाच तयार होऊन बसू लागले. खिशात एक टॉर्च, एक रुमाल आणि चिरंजीवांच्या विज्ञानाच्या पेटीतला लोहचुंबक!

पहिली गाडी पाहिली ती चकाचक. मीटरवर फक्त २८ हजार किलोमीटर. मला तर ती पाहताक्षणीच आवडली. अण्णांनी आधी ब्रेकचा पाय पाहिला. त्यावरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. मग नातवाला म्हणाले, "टायरवर चार आकडे असतील, वाच." तुम्हीही कुठल्याही गाडीच्या टायरवर पाहा. लांबुळक्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. '३२२२' असेल तर २०२२ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तो टायर तयार झाला. ती गाडी होती २०१८ ची आणि चारही टायर २०२२ चे. अण्णा हळूच म्हणाले, "अठ्ठावीस हजारांत चारही टायर संपत नाहीत. मीटर मागं फिरवलाय." आम्ही नमस्कार करून निघालो.

दुसरी गाडी एका मोकळ्या जागेत उभी होती. अण्णांनी लोहचुंबक रुमालात गुंडाळला, म्हणजे रंगाला ओरखडा नको, आणि पत्र्यावरून फिरवत नेला. दारावर चिकटला, बॉनेटवर चिकटला. मागच्या चाकाच्या वर मात्र सटकन निसटला. तिथं बोटाच्या पेरानं वाजवलं, तर 'टण्' ऐवजी 'थप्प'. आत पत्रा कमी आणि लांबीच जास्त! मागचा गालिचा उचलला, तर खाली गंज. आपली मुंबई समुद्राकाठची. दमट, खारट हवेत लोखंड भराभर गंजतं. उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग वरून छान दिसतो आणि पत्रा आतून खाल्लेला असतो. मिठागरांवरून येणारा तो वारा आठवला ना?

मग अण्णांनी सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून टॉर्चनं पाहिला. मी विचारलं, "हे कशाला?" ते म्हणाले, "गाडी पुरात बुडालेली असली, तर लोक सीट धुतात, मॅट धुतात. पट्ट्याचं आतलं टोक धुवायला विसरतात. तिथं चिखलाची रेघ राहते." २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अण्णांची ही तपासणी तेव्हापासूनची. या पट्ट्यावर चिखल नव्हता, पण गंजामुळे ती गाडीही गेली.

आणखी एक गाडी मिळाली खूपच स्वस्त, पण या वेळी नाही म्हटलं ते माझ्या पत्नीनं. ती गाडी दहा वर्षांपूर्वीची होती आणि तिला एअरबॅग नव्हत्या. आपल्याकडं जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकून गाडी घसरू नये म्हणून असणारी ए.बी.एस. ही सोय आणि चालकापुढची एअरबॅग २०१९ मध्ये सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठीची सक्ती २०२१ मध्ये आली. पत्नी म्हणाली, "पैसे वाचवायचे ते माणसं वाचवून." अण्णांनी लगेच मान डोलावली.

सहा रविवार गेले. सातव्या रविवारी मुलुंडला एका निवृत्त गृहस्थांची गाडी पाहिली. २०२१ सालची, एकाच मालकाची, पुढं दोन एअरबॅग. वेळोवेळी केलेल्या सर्व्हिसिंगच्या पावत्या फाईलला लावलेल्या. चुंबक सगळीकडं चिकटला. शेवटी अण्णांनी डोळे मिटले आणि एकेक दार उघडून लावून पाहिलं. एकदा, दोनदा. चौथं दार लावल्यावर डोळे उघडले आणि एकच शब्द बोलले, "बसलंय."

त्या क्षणी त्यांचा चेहरा मी पाहिला. बावीस वर्षं ज्या कानांनी पगार मिळवला, त्या कानांना कितीतरी वर्षांनी कुणीतरी काम दिलं होतं. नवीकोरी गाडी आणून दिली असती, तर ती त्यांनी नुसती पाहिली असती. ही त्यांनी निवडली.

गाडी अण्णांनी पाहिली, कागद मी पाहिले. नोंदणीपुस्तक, विमा, दंडाची थकबाकी नाही ना, जुन्या मालकाचं कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, आणि गाडी आपल्या नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३०. जुनी वस्तू घेताना विश्वास ठेवावा, पण आधी वाचावं!

आता तुम्ही म्हणाल, सर, मग सगळं छानच झालं. छे हो! गणपतीला निघालो आणि माणगावला चहा प्यायला थांबलो. चहा झाला, गाडी सुरूच होईना. बॅटरी गेली. मागं गाड्यांची रांग, पुढं घाट. मला वाटलं, नवी घेतली असती तर! अण्णा ओशाळून म्हणाले, "इंजिन ऐकलं, दारं ऐकली. बॅटरीची तारीख बघायची राहिलीच." त्यावर चिरंजीव ओरडले, "आजोबा नापास!" आणि सगळ्यांत आधी अण्णाच हसले. दीड तास गेला. राखून ठेवलेल्या ५० हजारांतून नवी बॅटरी आली. ते पैसे त्यासाठीच तर ठेवले होते.

संध्याकाळी गावात पोचलो. अण्णा पडवीत आले, पाय धुतले आणि सरळ देवघराकडं गेले. त्या रात्री आरतीचं तबक त्यांच्या हातात होतं.

बालमित्रांनो, जुनी गाडी नेहमीच चांगली असं मी मुळीच म्हणणार नाही. आमच्या शाळेतल्या एक बाई रोज कल्याणहून गाडीनं येतात. घरी गाडी पारखणारं कुणी नाही, रस्त्यात बंद पडून चालत नाही. त्यांनी हिशेब करून नवी घेतली आणि त्यांचं बरोबरच आहे. त्यांचं उदाहरण वेगळं, म्हणून उत्तर वेगळं. पुढं कधी सायकल असो, मोबाईल असो नाहीतर गाडी, घ्यायची वेळ आली की दुकानातली किंमत विचारण्याआधी घरातल्यांना एक विचारा : आपल्याला ही कशासाठी हवी आहे? मी हे अण्णांना पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर कितीतरी रात्री शांत झोपलो असतो.

आणि हो, गाडी दारात आली, तेव्हा खालच्या मुलांनी खरंच विचारलं, "सेकंडहँड आहे का रे?" आमच्या चिरंजीवांनी खिशातून लोहचुंबक काढला आणि म्हणाले, "हो! या, तुम्हाला एक गंमत दाखवतो." आता दर रविवारी आमच्या इमारतीखाली पोरांचा घोळका उभ्या गाड्यांचे टायर वाचत फिरत असतो. परवा सेक्रेटरीकाकांच्या नव्याकोऱ्या गाडीवरही चुंबक फिरवून झाला. तुम्ही करून पाहणार असाल, तर आधी गाडीच्या मालकाला विचारा, आणि चुंबकाला रुमाल गुंडाळायला मात्र विसरू नका हं!